दुवालच्या वखारीतली गासडी

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

पोचले बाई एकदाची! ख्राइस्टचर्चपासून इथवरचा रस्ता असा वळणावळणाचा आहे की सकाळी खाल्लेले पोहे पुन्हा बघायची वेळ आली होती. पण शेवटच्या वळणावर खाली दुवाल्स बे दिसला आणि माझा सगळा राग निवला. हिरव्या टेकड्या, त्यांवर नुकती जन्मलेली कोकरं, खाली निळंशार पाणी आणि काठावर दगडी वखार. वखारीला लागूनच केअरटेकरचं लाकडी घर आहे, म्हणजे आजपासून माझं.

वखार सांभाळणाऱ्या ट्रस्टचे अध्यक्ष ग्रॅहम किल्ली घेऊन दारातच उभे होते. सत्तरीचे गृहस्थ, आणि एवढ्या थंडीत अर्धी चड्डी, पायात जॅंडल्स, म्हणजे साध्या रबरी चपला. त्यांनी मला घरच्या कोंबड्यांची अंडी दिली, हीटर कसा लावायचा ते दाखवलं, 'धम्मदीना' हे नाव दोन-तीनदा चावून पाहिलं आणि शेवटी डीना, स्वीट अ‍ॅज, म्हणजे इथल्या बोलीत झकास, असं म्हणून सुटका करून घेतली. माणूस बरा वाटला.

पुण्याच्या संग्रहालयात इतकी वर्षं जुन्या शाली आणि पैठण्या सांभाळल्या, आणि ऑकलंडला येऊन पेनरोजच्या एका गोदामात खोक्यांवर स्टिकर चिकटवत बसले होते. आता परत माझं स्वतःचं काम मिळालंय. ऑक्टोबरअखेर, लेबर वीकेंडला, वखार लोकांसाठी उघडायची. तोवरचं काम नीट झालं तर नोकरी कायम. मग माझा नवरा मैत्रेय ख्राइस्टचर्चला बदली घेणार आणि ऑकलंडच्या टाकानिनीतलं ते काड्यापेटीएवढं घर सोडून आम्ही तिघं इथे राहणार. लेकीला, आरुषीला, शाळेची सुट्टी लागली की अठ्ठावीस तारखेला दोघं बघायला येतायत.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तिला स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दाखवला. बाईसाहेबांनी विचारलं काय, तर डझ इट हॅव वायफाय? मी मराठीत ओरडले, ती इंग्रजीत हसली. सात वर्षांची आहे, पण उत्तर द्यायला आजीलाही हरवेल.

४ सप्टेंबर, बुधवार

आज ग्रॅहमनी वखार दाखवली. त्यांचं सांगणं लांबण लावून होतं, पण मुद्दा इतकाच. दुवाल नावाचा फ्रेंच व्यापारी इथे सीलच्या कातड्यांसाठी आला. आला तो उशिराच. इंग्रज आणि अमेरिकन जहाजांनी तोवर बहुतेक सील मारून संपवले होते. म्हणून दुवालने युक्ती काढली. तो माणसांची टोळी करून दूर समुद्रातल्या खडकांवर उतरवायचा. सोबत मीठ, सोटे, सुरे. त्यांनी तिथे राहून सील मारायचे, सोलायचे, कातडी मिठात घालायची. काही महिन्यांनी जहाज जाऊन माल उचलणार. माणसं जिवंत असली तर तीही उचलणार. हे ग्रॅहम अगदी हसत हसत सांगत होते.

वखारीच्या भिंतींना हात लावला तर बोटाला काळं मेण लागलं. दोन शतकांपूर्वीची सीलची चरबी. वास म्हणाल तर खवट तेल, कुजकी मासळी आणि ओली लोकर एकत्र शिजवावी तसा. जिभेवर बसतो. घरी आल्यावर दात घासले, तरी गेला नाही.

मागच्या तळघरात एक गासडी आहे. आमच्या अमरावतीकडे कापसाच्या बांधतात तशीच, आवळून दोरखंडाने बांधलेली, फक्त आत कातडी. दुवालची ही शेवटची गासडी. फ्रान्समधल्या ल आव्रच्या व्यापाऱ्याने बंदरात एक कोपरा उघडून पाहिला आणि घ्यायला नकार दिला. का, ते ग्रॅहमना ठाऊक नाही. परत आली ती इथेच पडून आहे. आता तीच प्रदर्शनात मधोमध मांडायची आहे.

आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, तुझ्या आजोबांनी जे सोडलं ते करायला तू विमानात बसून गेलीस का गं? आजोबांच्या, मारोतीबाबांच्या, वाट्याला गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम होतं. बाबासाहेबांचं ऐकून त्यांनी ते सोडलं, गावाने पाणी तोडलं, तरी सोडलं. मी आईला म्हटलं, ती जबरदस्ती होती आणि हा माझा शिकलेला धंदा आहे. ती म्हणाली, पण तुला किळस नाही येत? मला राग आला. आमच्याकडे बघून नाकं मुरडणाऱ्यांची किळस मी लहानपणी शाळेत भरपूर पाहिली आहे. पाणी द्यायचे तेही वरून ओंजळीत ओतून. मी कशाचीही किळस करायची नाही, असं तेव्हाच ठरवलंय.

पण खोटं कशाला लिहू. येते. खूप येते. ती गिळून टाकायची, एवढंच.

७ सप्टेंबर, शनिवार

आज रिपेका आल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, ट्रस्टवर इथल्या मूळच्या माओरी लोकांच्या प्रतिनिधी. कीआ ओरा म्हणून गळ्यात पडल्या, सोबत घरचा ब्रेड. चहा घेताना त्यांनी स्पष्ट सांगितलं की गासडी प्रदर्शनात मांडायला त्यांचा विरोध आहे. ती न उघडता पुरायला हवी. ग्रॅहम 'चर्चा चालू आहे' म्हणतात, म्हणजे चालू नाही.

मी का म्हणून विचारलं. त्यांनी आधी खिडकी लावली. दुवालच्या एका टोळीला न्यायला जहाज गेलंच नाही, असं त्यांच्याकडे सांगतात. टोळीत त्यांच्या लोकांचेही दोघं होते. हिवाळ्यात कपडे सडले तेव्हा माणसांनी सीलची कच्ची कातडी अंगावर घेतली, केसाची बाजू बाहेर, चरबीची आत. थंडी एवढी की ती काढलीच नाहीत. नंतर काढता आली नाहीत. पुढच्या वर्षी दुसरी टोळी उतरली तेव्हा खडकावर सील लोळत होते. ते त्यांच्याकडे ओरडत सरपटत आले. टोळीने आपलं काम केलं. सोटे, सुरे, मीठ.

मी म्हटलं, म्हणजे त्यांना ओळखलंच नाही? रिपेका म्हणाल्या, टोळीने नाही ओळखलं. दुवालने ओळखलं होतं. गासडी बांधताना त्याने आत पाहिलं आणि म्हणाला, कातडं ते कातडं.

जाताना त्यांनी फाटकाजवळ पाण्याची बाटली ठेवली. वखारीतून निघताना हातांवर पाणी शिंपडत जा, म्हणाल्या. आपल्याकडेही मयताहून आलं की हातपाय धुतात, तेव्हा मला ते परकं वाटलं नाही. गोष्ट मात्र मी गोष्ट म्हणूनच ऐकली.

११ सप्टेंबर, बुधवार

ग्रॅहमनी वेबसाइटसाठी फोटो हवेत म्हणून गासडी उघडायला लावली. मी रिपेकांचं सांगून पाहिलं. ते म्हणाले, ती बाजू मी सांभाळतो. नोकरी कायम व्हायची आहे. मी दोर कापले.

आत मिठाचा थर, पिवळा पडलेला. त्याखाली कातडी, एकावर एक, सुकटीसारखी ताठ. प्रत्येकीच्या मधोमध चरबी वाळून खपलीसारखी झालेली. केसांत किड्यांची टरफलं, वाळकी घाण. मी मास्क लावला होता, तरी दोनदा बाहेर जाऊन आले. ग्रॅहमनी फोटो काढले आणि म्हणाले की हे असं लोकांना दाखवता येणार नाही, जरा स्वच्छ करता आलं तर हीप्स बेटर दिसेल.

आता इथे माझं डोकं चाललं. जुन्या पश्मिन्यावर साबण चालत नाही, तेव्हा आम्ही रिठ्याचं पाणी वापरायचो. माझी आजीही केसांना तेच लावायची. ऑकलंडच्या सॅंडरिंगहॅममधल्या भारतीय दुकानातून आणलेली रिठ्याची पिशवी माझ्या बॅगेत होतीच. कातडी कमावणाऱ्याला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता कोण जाणे, पण कातड्याच्या माणसाला विचारायला माझं मन होईना. केस म्हणजे केस. रिठे भिजत घातलेत.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

एक कातडं धुतलं. पाणी आधी तपकिरी झालं, मग करडं, मग लालसर. फेस ओसरला तसं वरचं राठ केसांचं आवरण मऊ झालं आणि खाली दाट, रेशमासारखी लव दिसली. इतकी सुंदर की मी हातमोजा काढून बोट फिरवलं. युरोप यासाठी वेडा झाला होता हे पटलं. पण उलटी बाजू! ती वाळकी खपली पाणी पिऊन फुगली आणि पांढरी, लिबलिबीत चरबी झाली, जणू कालच सोललेली. बोट रुतलं. आणि ती गार नव्हती. माणसाने नुकत्याच सोडलेल्या अंथरुणासारखी कोमट होती.

बाहेर जाऊन ओकले. तोंड धुतलं, फाटकापाशी हातांवर पाणी घेतलं आणि स्वतःला बजावलं की नाक मुरडायचं नाही. मग उरलेली सगळी भिजत घातली. उगाच अर्धवट काम नको.

१६ सप्टेंबर, सोमवार

वरणात केस. आखूड, राठ, तपकिरी. ताट टाकलं. दुसरं वाढून घेतलं, त्यातही. डाळीचा डबा चाळला, काही नाही. कुकर घासला, काही नाही. पुन्हा वरण लावलं, पहिलाच घास घेतला आणि जिभेवर काहीतरी टोचलं.

चहात आहेत. टूथब्रशमध्ये आहेत. सकाळी खोकला आला आणि घशातून एक ओढून काढला, तो संपेचना. शी!

मैत्रेयला सांगितलं तर तो म्हणाला, धमे, तुझेच गळत असतील, तिथलं पाणी हार्ड असेल. त्याचंही बरोबर आहे. माझे केस गळतायत, मूठभर. पण माझे काळे आणि लांब आहेत.

१८ सप्टेंबर, बुधवार

कातडी भिजत घातलेल्या टबातलं पाणी नितळ होईना. बदललं की तासाभरात पुन्हा लालसर. कातडी वजनदार झाली आहेत. पहिल्या दिवशी मी एका हाताने उचललं होतं, आज दोन्ही हातांनी ओढावं लागलं. ओढणं. हाच शब्द मनात आला आणि लाज वाटली.

एका कातड्याचे वरचे केस घासताना झडले. लवही चोळताना निघून आली, मांडीएवढा तुकडा उघडा पडला. खाली निळी खूण होती. मला वाटलं बुरशी. ओल्या फडक्याने पुसली. नांगर. जहाजाचा नांगर, वर दोरी गुंडाळलेली, गोंदलेला.

सीलला कोण गोंदतं?

रिपेकांना फोन केला. त्या उत्तरेला एका मयतासाठी मरायेवर, म्हणजे त्यांच्या समाजाच्या सभास्थानी, आहेत, दोन-तीन दिवस हलता येणार नाही. मी सगळं सांगितलं. धुतलं, हेही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट वाटलं. म्हणाल्या, मिठाने ती झोपली होती गं. पाणी नको. आहे नाही ते मीठ घाल, माणसं घेऊन येते. आणि म्हणाल्या, तुझ्या मुलीला तिथे येऊ देऊ नकोस.

घरातलं होतं नव्हतं तेवढं मीठ घातलं. लोणच्यासाठी आणलेलं खडे मीठसुद्धा. संध्याकाळपर्यंत विरघळून गेलं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

माझ्या हातांवर लव आली आहे. कोपरापासून मनगटापर्यंत, दाट, मऊ. वस्तऱ्याने काढली, दुपारी परत. नखांखाली पांढरं काहीतरी साचतंय, कोरून काढलं तर बोटांना चिकटलं. चरबी. वास घेतला आणि ओकारी आली. पोटात काही नव्हतंच.

गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. हार्मोन्स असतील, स्ट्रेसही असतो, ब्लड टेस्ट करू, म्हणाल्या. त्वचेसाठी मलम दिलं. बोलताना खुर्ची जरा मागे घेतली. वास येत असणार माझा. शाळेत बाकावरून सरकून बसायच्या मुली, तसंच. पण या वेळी वास खरा होता.

कातडी टबातून काढून वखारीत फळ्यांवर वाळत टाकली होती. परत आले तर सगळ्यांचं तोंड घराकडे. तोंड म्हणजे, जिथे तोंड असतं ती बाजू.

२२ सप्टेंबर, रविवार

दुपारी हीटरजवळ शाल घेऊन बसल्या बसल्या डोळा लागला. इतकी छान झोप कित्येक दिवसांत लागली नव्हती. ऊब होती. जागी झाले तर शाल जमिनीवर पडलेली आणि अंगावर ते. नांगरवालं. चरबीची बाजू आत, माझ्या मानेला, उघड्या दंडांना, गालाला चिकटलेली.

किंचाळून फेकलं. साल निघावी तसा आवाज झाला. गालाला साबण, डेटॉल, सगळं लावलं. न्हाणीघरात बसून रडले. किळस याला म्हणतात. हे गिळता येत नाही.

आणि खरं सांगायचं तर तेवढं नाही. फेकताना एक क्षण वाईट वाटलं. थंडी वाजली.

आता निघायचं. नोकरी गेली चुलीत.

२३ सप्टेंबर, सोमवार

गाडी काढली. टेकडीच्या माथ्यापर्यंत गेले. समुद्र दिसेनासा झाला आणि श्वास अडकला, कातडी तडकायला लागली, ओठ, पापण्या, बोटांच्या बेचक्या. रक्त. गाडी वळवली. खाली उतरत गेले तसतसं बरं वाटत गेलं.

खडकांवर जाऊन पाण्यात हात बुडवून बसले. बोटं नीट उघडत नाहीत. मधे पडदा —

नाही. सूज असेल.

२४ सप्टेंबर, मंगळवार

एक चांगली बातमी वाटली ती लिहायला बसले आणि मग कळलं की चांगली नाही. वखारीतला वास गेला आहे. सकाळी आत उभी होते, दीर्घ श्वास घेतला, काही नाही. उलट बरं वाटलं, भाकरी भाजल्यावर घर कसं भरतं तसं.

म्हणजे वास गेला नाही. मला येईनासा झालाय.

वरण लावलं. हिंगाची फोडणी पडली आणि मी नाक दाबून बाहेर पळाले. शी! माझं स्वतःचं वरण. खडकाच्या डबक्यात एक मासा अडकला होता. तो —

तो मी खाल्ला. कच्चा. डोक्यासकट. ओकारी आली नाही. ओकारी आली नाही म्हणूनच रडले.

इतके दिवस किळस नको नको म्हणत होते. ती मला सांगत होती, इथून जा. मी तिचं तोंड दाबलं.

२५ सप्टेंबर, बुधवार

मैत्रेयला फोन. म्हटलं, येऊ नका. आरुषीला आणू नकोस, काही झालं तरी. कारण सांगायला गेले तर मधेच खोकला, तो खोकला नव्हता, भुंकणं होतं, घशातून आपोआप. तो घाबरला. म्हणाला, न्यूमोनिया आहे तुला, एकटी मरशील तिथे. मी नाही म्हणत राहिले. त्याने तिकिटं अलीकडची घेतली. उद्या रात्री ख्राइस्टचर्च, परवा सकाळी इथे.

मीच त्यांना लवकर बोलावलं. येऊ नका म्हणून.

मागून आरुषीचा आवाज, शी साउंड्स विअर्ड, डॅडी. पोहायला नवीन टॉग्स घेतलेत म्हणाली. मम्मी, विल यू स्विम विथ मी?

रिपेका अजून आल्या नाहीत, फोनही लागत नाही. निरोप ठेवला. निरोपात शब्द किती होते, माहीत नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

ते पुन्हा अंगावर. मी घेतलं का त्याने — पाठीवर आहे. काढायला गेले. कडेला सुरी घातली. रक्त आलं ते माझं. शिवण नाही कुठे. शोधतेय, शिवण नाही.

सकाळी खडकांवर होते. पायवाटेवरून दोघं फिरायला आलेले, बाईच्या हाताला लहान मूल. मी उठले, मदत मागायला. हात वर केला. बाई मुलाला मागे ओढत म्हणाली, गो बॅक, हनी, इट्स अ सील, वी हॅव टु स्टे बॅक. छान हसली. फोटो काढला. लांबून गेले.

ओरडले. भुंकले.

फोनवर लिहायचा प्रयत्न. अंगठा काचेला लागतो, काच ऐकत नाही. नाकाने लिहिलं. येऊ नक. गेला एवढाच. उत्तर आलं, लॅंड झालो, काळजी करू नकोस, आरुषीने तुझ्यासाठी चकल्या आणल्यात.

पेन दातांत धरून —

२७

वखारीत आहे. दार आतून ढकललं, कडी लावता येत नाही. इतर सगळी फळ्यांवरून उतरली आहेत. माझ्याभोवती. ऊब आहे. त्यांची नावं आहेत, ती सांगतात — नको.

बाहेर जायचं नाही. काही झालं तरी. हाक आली तरी. मी गेले तर त्याला सील दिसणार, मुलीच्या अंगावर येणारा. दुसऱ्या टोळीलाही तेच —

आरुषी. आरुषी. आरुषी. मैत्रेय. आई अमरावती. माझं नाव ध

गाडी.

गाडीचं दार. तिचे बूट वाळूत. मम्मी? मम्मी, वेअर आर यू? मग मराठीत, कधी बोलत नाही ती, मम्मी, मी आले.

मैत्रेय ओरडतोय, आरुषी थांब, दाराजवळ जाऊ नको, आत जनावर आहे. दाराबाहेरचं वल्हं उचललं त्याने, लाकडाचा आवाज कळतो. त्याची भीती नाही. मारू दे. तिच्या आधी मला —

दार हललं. उजेड. तिची वेणी, तिचा हात.

वास. खोबरेल, साबण, दूध, चकली. माणसाचा. मी हिला — मी हिला अंगावर पाजलं — शी. शी! किती घाण वास येतो या पिल्लाला, दूर करा, कुणीतरी हिला दूर —